चांदण्यांची चवळी

कल्याण, १२ जानेवारी १९५५

ती. हरिहरमामा यांना बाळचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला आणि कपिला गाय यांचीही चौकशी करतो (गाईची जरा जास्त). मी आहे, एवढंच म्हणवतं.

तुम्हीच शब्द टाकून मला इथल्या वैरण-केंद्रात चिकटवलंत, म्हणून तुम्हालाच सांगायला हवं. गेल्या वर्षी आमच्या वैरणीच्या चवळीवर पिवळे डाग आले. साहेब म्हणाले, निरीक्षण लिहा. आता ‘पानं पिवळी, आखडलेली’ असं कुणीही लिहील. मी लिहिलं, ‘प्रत्येक पानाने आपापलं चांदणं अंगावर घेतलं आहे’ (तीन दिवस बसलेलो त्या वाक्यावर). साहेबांना वाटलं, नवा वाण सापडला. त्यांनी बी राखलं, कागदी पिशव्या भरल्या आणि प्रत्येक पिशवीवर माझं वाक्य लिहायला लावलं. मला शंका होती, मामा. पण मासिकवाले माझं सगळं साभार परत करतात, आणि इथे शंभर प्रती निघत होत्या. गप्प बसलो.

पहिली मोठी पिशवी मोहने गावच्या काळुरामला दिली. त्याच्या दोन म्हशींची सगळी भिस्त त्या चवळीवर. त्याच्या आईची, ठमाबाईंची, रीत अशी की नवं बी आधी शेजारी मूठमूठ वाटायचं, मग आपण पेरायचं. सव्वीस घरं. आता सव्वीस घरांच्या शेतांत वीतभर चवळी पिवळी होऊन उभी आहे. परवा पुण्याचे तज्ज्ञ आलेले. म्हणाले, हा व्हायरस आहे, बियाच्या पोटातूनच येतो, धुऊन जात नाही, वर मावा ही कीड तो शेजारी नेते, सगळं उपटा.

तर रोज उपटतोय. काळुराम एवढंच म्हणाला, “बालभाव, चांदन्या झाल्या. म्हशीला काय घालू?” ठमाबाईंनी काल मला चहा दिला (कोरा; म्हशी आटल्यात). शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोंबिवलीला तुमच्याकडे मी चालतसुद्धा आलो असतो, पण तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

तुमचा,
बाळ

ता. क. दिवाळीत कपिलेसाठी दिलेली पिशवी पेरू नका. बी चुलीत घाला. मामींनी शेजारी वाटलं असेल तर नावं कळवा, उपटायला येतो.

आणखी ता. क. पिशवीचा कागद मात्र जाळू नका. बाकीच्या पिशव्या साहेबांनी जाळल्या, ठमाबाईंची पिशवी चुलीत गेली, तिच्यावरच तो चहा उकळला. त्या वाक्याची तुमच्याकडची तेवढीच प्रत उरली आहे.