चालताना न अडखळणारा प्लेअर

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! ह्यांच्या कानात काहीतरी घालायचंच.

डॉक्टरांनी आज पुन्हा दम भरला. रोज चाळीस मिनिटं, झपाझप, आणि चालताना बोलायचं नाही. छातीत कळ येऊन गेली त्याला तीन महिने झाले, तरी हे तळ्याभोवती रमतगमत, गप्पा मारत चालतात. दर दहा पावलांवर थांबून हातवारे! मीच मध्ये तोंड घातलं — कानात गाणी असली तर? डॉक्टर म्हणाले, उत्तम.

हे म्हणाले, मला कशाला ती खेळणी. पण नको म्हणाले नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

तळ्याला तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्यांत दादा, दादा, दादा. म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझे दीर. जाऊन नऊ वर्षं झाली. 'शेवटी तरी एक फोन करायचा होता त्याने मला.' नऊ वर्षं हेच वाक्य, आणि नऊ वर्षं मी 'हं' म्हणते.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मध्ये मध्ये गिऱ्हाइकांना विचारते, हे स्पष्ट दिसतं की ते? आज सीडी प्लेअरच्या दुकानात स्वतः गिऱ्हाईक झाले तर तोंडचं पाणी पळालं. किती ते प्लेअर! चपटे, गोल, निळे, चंदेरी.

दुकानातली बाई मात्र हुशार. आधी विचारलं, बसून ऐकणार की हिंडून? हिंडून म्हटल्यावर अर्धे तिने बाजूलाच सारले. म्हणाली, हादरा बसला की सीडी अडखळते, म्हणून चांगला प्लेअर पुढचं गाणं आधीच वाचून साठवून ठेवतो. साध्यात दहा सेकंदांचा साठा, चांगल्यात पंचेचाळीस. दहावाला चालणाऱ्याच्या कामाचा नाही. पण पंचेचाळीसवाला बॅटऱ्या खातो — आठ दिवसांत जोडी संपली समजा. शिवाय झाकणाला रबराची कड हवी, घाम आत जाऊ नये म्हणून. बटणांना कुलूप हवं, नाहीतर कमरेला घासून गाणं बदलतं. आणि इयरफोन मानेमागून येणाऱ्या पट्टीचे. नुसते कानात अडकवायचे असतात ते पडतात.

एवढं ऐकून मी काहीही न घेता घरी आले.

९ फेब्रुवारी, रविवार

काल का घेतला नाही ते खरं लिहायचं तर — लाज वाटली. ती बाई एवढ्या कळकळीने सांगत होती. 'नवऱ्याच्या तब्येतीची किती काळजी घेता हो!' म्हणाली. काळजी कसली डोंबलाची. मला ह्यांना गप्प करायचंय. ह्यांचं ते दादांबद्दलचं वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाहीये. बस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घेतला! चंदेरी, पंचेचाळीस सेकंदवाला, रबराची कड, कमरेचा पट्टा. दुकानात नमुन्याचा कानाला लावून मी चक्क उड्या मारल्या. बाई म्हणाली, अजून मारा. दहा मारल्या. गाणं हललं नाही! बाकीची गिऱ्हाइकं बघत राहिली. माझ्या वयाला शोभलं नाही ते, पण मजा आली. बॅटऱ्यांच्या चार जोड्या घेतल्या.

खोकं ह्यांच्या हातात दिलं तर म्हणाले, तू हात लावू नकोस, मी बघतो. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. संध्याकाळभर तेच. मी कपाटातल्या तीन सीडी काढून दिल्या आणि एक बॅटऱ्यांची जोडी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिला दिवस. प्लेअर कमरेला, पट्टी मानेमागे. तोंडातून चकार शब्द नाही. चार फेऱ्या! हात हलवत, नाकासमोर बघत. माझा जीव भांड्यात पडला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शांतता. स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ ह्यांनी आपण होऊन चालू केलं. एरवी महिनाभर मागे लागावं लागतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आता ही शांतता खायला उठते.

बावीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारून बोलत चालतोय. कारखान्यातले किस्से, फोरमनची नक्कल, पाच वेळा ऐकलेले विनोद. ते सगळं एका वाक्यासाठी मी बंद करून टाकलं. आज एका बाकावर एक म्हातारा टोपी तोंडावर ओढून घोरत होता. हे त्याच्यावर काहीतरी बोलणारच म्हणून मी वळून पाहिलं. हे सरळ पुढे.

मग मीच बोलले. ह्यांना ऐकू जात नाही म्हणून काय झालं? दुकानात मी काचांशीही बोलते, शेजारच्या टेबलावरची हसते मला. ह्यांना म्हटलं, तुमच्याशिवाय करमत नाही हो. तोंडावर कधी म्हटलं असतं का मी!

२६ फेब्रुवारी, बुधवार

रोज काहीतरी बोलते. बरं वाटतं. भाजीपासून सुरुवात होते आणि कुठल्या कुठे जाते. ह्यांची मान डोलत असते, गाण्यावर.

१ मार्च, शनिवार

आज बोलून टाकलं. नऊ वर्षांनी.

दुसऱ्या फेरीत, पंपघराच्या वळणावर. समोर कुणी नव्हतं. मी म्हटलं, अहो, दादांनी फोन केला होता.

मग थांबताच येईना. सगळं सांगितलं. संध्याकाळची वेळ होती, तुम्ही दुसऱ्या पाळीला होतात. मी कपडे धूत होते, साबणाच्या हातानेच फोन उचलला. दादा इस्पितळातून बोलत होते. आवाज एवढासा. 'त्याला सांग, सकाळी ऑपरेशन आहे. जमलं तर ये म्हणावं. म्हणावं, मागचं सोडून दे.' मी 'सांगते' म्हणाले.

आणि सांगितलं नाही.

का? त्याआधी दोनदा तुमचा समेट झाला होता. दोन्ही वेळा तुम्ही हरखून गेलात आणि दोन्ही वेळा त्यांनी चारचौघांत तुम्हाला वाटेल ते बोलून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तुम्ही चार दिवस जेवला नाहीत. मला वाटलं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. एक दिवस उशीर झाला तर काय बिघडलं? सकाळी दहाला जाऊबाईंचा फोन आला. संपलं होतं.

तुम्ही रडत होतात आणि मला सांगता आलं नाही. मग तेराव्यानंतर सांगू म्हटलं. मग वर्ष झाल्यावर. मग तुम्ही ते वाक्य म्हणायला लागलात, आणि त्यावर माझ्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

एवढं सगळं बोलले, ह्यांच्यापासून हातभर अंतरावरून! हे चालतच होते. पंपघराच्या पुढे मात्र थांबले, वाकून बुटाची नाडी बांधत बसले. बराच वेळ. मी डोळे पुसून घेतले. ह्यांचं लक्ष नव्हतं.

२ मार्च, रविवार

चालायला गेलो नाही. ह्यांनी अंग दुखतंय म्हणून सांगितलं.

३ मार्च, सोमवार

गेलो. दुसऱ्या फेरीत परवाचं सगळं पुन्हा सांगितलं. सांगून मन हलकं होईल असं वाटलं होतं, पण कुठलं काय. ज्याला सांगायचं त्याला ऐकूच जात नाही, मग ते सांगणं कसलं!

घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. माझाही. चमच्याने ढवळत उभे होते, काहीतरी बोलतील असं वाटलं. कप माझ्यापुढे सरकवला.

१२ मार्च, बुधवार

दुकानातल्या बाईला एकदा जाऊन सांगायला हवं — तुमचा प्लेअर सोन्यासारखा आहे. आठ दिवसांची बॅटरी म्हणाली होती ती, पंचवीस दिवस झाले तरी पहिलीच जोडी चालू! ह्यांना विचारलं तर म्हणाले, अजून चाललंय.

कुठली सीडी ऐकता हो रोज? हे म्हणाले, 'तीच ती. पण ऐकावीशी वाटते.'

१६ मार्च, रविवार

ते वाक्य ह्यांनी म्हटलेलं नाही. घरातसुद्धा नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं. गाण्यांनी खरंच मन रमत असेल.

२५ मार्च, मंगळवार

जेवताना म्हणाले, शनिवारी वहिनीकडे जाऊन येतो. एक रात्र राहीन.

हातातला घास मी ताटात ठेवला. नऊ वर्षांत पाय ठेवला नाही त्या घरात! आणि इस्पितळात दादांना फोन लावून दिला असेल तो जाऊबाईंनीच. त्या सांगतीलच. ह्यांना तिऱ्हाइताकडून कळण्यापेक्षा मी सांगायला हवं. नीट, समोर बसून. कानात काही नसताना.

२८ मार्च, शुक्रवार

सांगायचं होतं. भांडी घासत राहिले. नंतर ओटा पुसला. नंतर पुन्हा पुसला.

भित्री कुठली!

२९ मार्च, शनिवार

गेले. स्टँडवर गाडी लागली तेव्हा मी ह्यांच्या बाहीला धरलं. म्हटलं, अहो, जाऊबाई काही बोलल्या तर... ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, 'मी भांडायला नाही चाललो. दादाच्या फोटोपाशी जरा बसायचंय.' आणि चढले. खिडकीतून म्हणाले, उद्या दुपारी येतो, चालणं चुकवू नकोस.

प्लेअर मेजावरच राहिला. विसरले असतील.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला नाही. ह्यांचाही नाही. मी फोनशेजारी बसून होते.

३० मार्च, रविवार

सकाळी एकटीच निघाले. म्हटलं, ह्यांचा प्लेअर लावू, बघू तरी रोज काय ऐकतात. बटण दाबलं. आवाज नाही. एवढ्या दिवसांनी बॅटरी संपली एकदाची, म्हणून मागचा कप्पा उघडला.

रिकामा. त्यात कधी काही घातल्याची खूणही नाही. एक बॅटरी घड्याळात असणार.

मग झाकण उघडलं. आत सीडी नाही. सीडीच्या जागी कारखान्यातून येताना घालतात तो पुठ्ठ्याचा गोल, तसाच. वापरण्यापूर्वी काढून टाकावा, असं त्यावर लिहिलंय. आणि हे तर माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचणारे.

पुठ्ठा होता तसा ठेवला, झाकण लावलं. दुपारी ते येतील. उद्या सकाळी पट्टी मानेमागे अडकवून माझ्या शेजारून चालतील, आणि मला बोलावं लागेल — ते ऐकताहेत हे माहीत असताना.