कळपातलं परकं मेंढरू

आबा,

आज सकाळी संशोधन-पत्रिकेचा अंक आला आणि आपल्या कवठे महांकाळच्या माळावरचा, लेंड्यांखाली राहणारा एक किडा विज्ञानाला नव्याने माहीत झाला. तांदळाच्या दाण्याएवढा, काळा, पंख इतके आखूड की अर्धं अंग उघडंच. डिवचला की विंचवासारखं शेपूट वर करतो. त्याचं वर्णन मी लिहिलं आहे. तुमची मुलगी, वय सेहेचाळीस, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, मलकापूरच्या स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने ओरडली. दूध उतू गेलं. जाऊ दिलं.

एक संध्याकाळ आठवते : मी दहा वर्षांची आहे. कळप माळावरून परततो आहे. तुम्ही म्हणता, "पोरी, ह्यात एक मेंढरू आपलं न्हाई. हुडीक."

"आवं आबा, समदी सारखीच हायत की!"

"सारखं कायबी नसतंय. येकेकाकडं टक लावू नगंस. वाटंला हुबी ऱ्हा, म्होरनं जाऊ दे. येगळं आसंल ते आपसूक डोळ्यात खुपतंय."

मेंढरं पुढून गेली आणि मी एका मेंढीवर बोट ठेवलं. बरोबर निघालं. चुलते हसले, "आंधळ्याचा दगड लागला गड्या!" तुम्ही त्यांच्यावर उखडलात, "दगड न्हवं, नजर हाय तिला. हिला मी लय शिकीवनार." आणि शिकवलंत. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातली मी सांगलीच्या होस्टेलवर पोचले ती त्या एका संध्याकाळच्या जोरावर.

दोन वर्षांपूर्वी हे किडे एका मोठ्या तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी कळवलं, ही जुनीच जात, फरक किरकोळ. मी लगेच मान्य केलं. स्वतःच्या नजरेवर माझा विश्वास कधीच नव्हता. पण मन खात राहिलं. मी वाद घालायला घाबरले होते, की खरंच चुकले होते, हे मला ठरवता येईना. शेवटी कॉलेजातल्या सहकारी बाईंना म्हटलं, जुन्या जातीचे आणि माळावरचे किडे मिसळून ओळीत लावून द्या, कुठला कुठला ते मला सांगू नका. सूक्ष्मदर्शकाखाली एकाकडेही टक लावली नाही. मेंढरं म्होरनं जावीत तशी ओळ सावकाश सरकवत गेले. नऊ ठिकाणी हात थांबला. डोक्यामागची चकाकी निराळी होती. बाईंनी यादी काढली : नऊच्या नऊ आपल्या माळावरचे, एकही सुटला नव्हता! मग नरांची पोटं उघडून पाहिली, तर आतली जननेंद्रियंही वेगळ्या घडणीची. सगळे फोटो तज्ज्ञांना धाडले. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं : तुमचं बरोबर, मी चुकलो. तो कागद मी उभ्या-उभ्या चारदा वाचला. किड्याला तुमचं नाव दिलंय, लॅटिन शेपूट लावून.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायचं कुठे? वहीतच राहील. म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. आबा, त्या संध्याकाळी मी मेंढरू ओळखलंच नव्हतं. मी मेंढरांकडे बघतच नव्हते, तुमच्याकडे बघत होते. एका मेंढीवर तुमची नजर क्षणभर अडली, तिच्यावर मी बोट ठेवलं. चुलते म्हणाले तो आंधळ्याचा दगडही मी मारला नव्हता. एवढ्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही.

या वेळी समोर तुमचे डोळे नव्हते. नऊच्या नऊ मीच हुडकले.