मागच्या खोलीतली टाळी

४ मार्च

आलो एकदाचे. सामान अजून पोत्यांत आहे, चहाची गाळणी सापडत नाही, आणि तरी मी खूश आहे. घर बैठं, सुटं, धान्यबाजाराच्या मागच्या रस्त्यावर. पुढे मोठी खोली, मग अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला बिनखिडकीची एक खोली. ती रिकामीच राहू द्यायची. पुढच्या खोलीत उभं राहून मी एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज भिंतींना टेकून असा परत आला, की भाषणं करणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

आमचे लिलाववाले म्हणाले, सभाबाई, या घरात भांडायचं नाही, सगळ्या गल्लीला फुकटात ऐकू जाईल. नवऱ्याला मी लिलाववाले म्हणते, कारण ते धान्याच्या लिलावात बोली पुकारतात. इथल्या बाजाराने बोलावलं म्हणून तर आलो. दोघंही घशावर जगणारी माणसं आम्ही.

शेजारच्या शिंपीणकाकू चहा घेऊन आल्या. आल्या आल्या विचारलं, घरात काय ठेवता? मला वाटलं कुत्रा-मांजराचं विचारताहेत. त्या बंदुकीचं विचारत होत्या. मी म्हटलं, कडी ठेवतो. काकू हसल्या, म्हणाल्या, राहा तर खरं. तुमच्या आधी इथे राहणारे मास्तरही असंच म्हणायचे.

९ मार्च

गावातल्या शस्त्रविरोधी मंडळाने महिनाअखेरीस वादसभा ठेवली आहे. विषय, घरात बंदूक असावी का. नसावी, ही बाजू माझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे देणार? अर्धं आयुष्य मी हेच बोलत आले. घरात बंदूक आणणं म्हणजे भीतीला घरजावई करून घेणं. ती आधी कोपऱ्यात बसते, मग ताटावर बसते, मग घराचा कारभार हातात घेते. ज्यांनी बंदुका विकून बंगले बांधले, ते आपल्याला चोरांची भीती दाखवतात. चोर एक दिवस येईल न येईल, बंदूक रोज घरात असते. हे मी नुसतं बोलत नाही, मानते.

माझी तयारीची रीत ठरलेली. आधी विरोधकाची बाजू उभी करायची, मोठ्याने, त्याच्याहून चांगली. ती स्वतःला पटायला लागली, की मग मोडायची. उद्यापासून सुरुवात.

१४ मार्च

दुपारी गंमत झाली. विरोधकाची बाजू मांडत होते. म्हटलं, ज्याच्या दारात कुणी उभं राहिलं नाही, त्याने दार कसं राखावं ते आम्हाला शिकवू नये. वाक्य बरं जमलं. आणि मागच्या खोलीतून टाळ्या आल्या. सावकाश, कोरड्या, एकाच माणसाच्या.

लिलाववाल्यांना माझ्या सरावात व्यत्यय आलेला खपत नाही. चपला बाहेर काढून ते चोरपावलांनी येतात. तेच असणार म्हणून हसत बोळात गेले. खोली रिकामी होती. ते संध्याकाळी आले, पोती मोजून दमलेले.

१७ मार्च

पुन्हा. माझी स्वतःची बाजू मांडते तेव्हा काही नाही, चिडीचूप. विरोधकाची मांडायला लागले की टाळ्या. खोटं कशाला लिहू, कान तिकडे लागलेलेच असतात. आज एक वाक्य मी दोनदा म्हटलं.

१९ मार्च

स्वयंपाकघरातली खुर्ची बोळात होती. तोंड माझ्याकडे.

लिलाववाल्यांना सांगितलं, पण टाळ्यांचं नाही. बाईला भाषणाचं वेड लागलं, असं कोणीही म्हणेल. म्हटलं, दुपारी घरात कुणाची तरी पावलं वाजतात. ते क्षणात गंभीर झाले. उद्या कुलूपवाल्याला बोलावतो म्हणाले.

२३ मार्च

मागच्या खोलीला बाहेरून जाड अडसर बसवला. कुलूपवाला म्हणाला, बाई, चोर बाहेरून येतो, तुम्ही आतल्या खोलीला का डांबताय? मी त्याला गप्प बसवलं. गप्प बसवणं मला छान जमतं.

दुपारी टाळ्या बोळातून आल्या. अडसर जागच्या जागी.

२६ मार्च

बाजाराच्या राखणदाराचा कुत्रा उसना आणला. दांडगा, अनोळखी माणूस दिसला की दोरी तोडणारा. मी बोलायला लागले तसा तो उठला, बोळात गेला, खुर्चीच्या पायाशी बसला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून शेपटी हलवत राहिला. भुंकला नाही.

लगेच परत पाठवला.

३० मार्च

वादसभेला गेले नाही. घसा बसला असं कळवलं. माझा घसा ठणठणीत आहे. पण उभं राहून काय बोलणार होते?

२ एप्रिल

बंदूकवाल्याकडे गेलो, मीच म्हटलं म्हणून. अर्धं आयुष्य मी मांडलेल्या बाजूने एक शब्द न बोलता लिलाववाले सोबत आले, त्याचंच जास्त लागलं.

माणूस शांत. आधी बंदूक दाखवत नाही. दुकानामागे मोठी फरशी आहे, तिथे गिऱ्हाईकाच्या घराचा खऱ्या मापाचा आराखडा खडूने आखतो. दार इथे, बोळ इथे, तुमची खुर्ची इथे. मग हातात रिकामी बंदूक देऊन म्हणतो, आता घर राखा. मला पाठमोरी बसवलं. खडूच्या दारातून कुणीतरी आलं, आवाज न करता. मी वळले आणि चाप ओढला. खट्ट.

लिलाववाले होते. छातीवर हात ठेवून म्हणाले, मेलो की हो.

ते हसले, बंदूकवाले हसले नाहीत. म्हणाले, ताई, तुम्हाला मी विकणार नाही. तुम्ही कुणाला भिता ते आधी ठरवा.

४ एप्रिल

आज एकटी गेले आणि त्यांच्यासमोर बोलले. बोळातल्या खुर्चीसमोर घासूनपुसून तयार झालेलं सगळं. दुपारी एकटी असलेली बाई, पाठीमागचा रस्ता, दारात उभं राहिलेलं कुणी. बंदूकवाले ऐकत गेले, त्यांचे डोळे ओले झाले. एवढी साधी, सरळ माणसं माझ्या बोलण्याने विरघळतात. मला अभिमान वाटला. तो इथे लिहून ठेवते, कारण तो वाटायला नको होता.

विकायला तयार झाले, पण एक अट घातली. घरी येणाऱ्याने ओळखीची खूण द्यायची, त्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. दाराला घंटा बसवा म्हणाले. घरी आम्ही दोघं यावर खूप हसलो. दोन कमावलेले घसे असलेल्या घराला घंटा कशाला? लिलाववाले दारातून हाक मारतील, सभाबाई. ती हाक दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

२३ एप्रिल

परवाना हातात आला. एकनळी बंदूक. वजन वाटतं त्याहून जास्त.

घरी आणली तेव्हा मी एक शब्दही बोलले नव्हते. तरी टाळ्या.

२७ एप्रिल

आता बोलत नाही. दिवसभर ओठ मिटून. बंदूक भिंतीला टेकवली की शांत. मांडीवर घेतली की टाळ्या. खांद्याला लावली की — जोरात.

शिंपीणकाकूंना विचारलं, मास्तरांचं काय झालं. त्यांच्या बायकोचं विचारा, म्हणाल्या. आणि सुई ओवत बसल्या.

१ मे

बंदूक परत द्यायची. ठरवलं. कापडात गुंडाळून दारापर्यंत गेले. बोळात खुर्ची सरकल्याचा आवाज. उठून चालल्यासारखा. नाराज होऊन.

मी परत येऊन बसले. का बसले?

३ मे

हंगामाची गर्दी, लिलाववाल्यांचा घसा पार बसला. डॉक्टरांनी आठवडाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं. हातवारे करून भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगितलं. किती दिवसांनी हसले मी.

आज सगळं सांगणार होते. टाळ्यांचंही. पण त्यांना उत्तर देता येणार नाही, मग एकटीनेच बोलायचं — आणि मोठ्याने बोलायची भीती वाटते. बरे झाले की सांगेन.

५ मे, दुपार

ते सकाळीच बाजारात गेले. बोली दुसरा पुकारतो, हे हिशेबाला बसतात.

एक हात लिहिण्यात गुंतवून ठेवलाय. उजव्याने लिहिते आहे, डावा बंदुकीच्या दस्त्यावर. काडतूस घातलंय. खुर्ची आता बोळात नाही. पाठीमागे असावी. बघत नाही.

आत्ता सुचतंय — हाक. घसा बसलाय, हाक कशी मारणार? दुसरी खूण ठरवायची राहिली. आज आले की आधी तेच —

टाळी.

मागून नाही. पुढच्या दाराबाहेरून. दोनदा.

ते असतील. हाक मारता येत नाही म्हणून. त्यांना टाळ्यांचं कुठे माहीत आहे, मी सांगितलंच नाही — किंवा जे मागे होतं ते दाराबाहेर गेलंय.

ओरडले, तुम्ही असाल तर एकदाच वाजवा.

एकदाच वाजली. दारातून.

एकदाच वाजली. माझ्या कानामागून.

ओरडले, आत येऊ नका, कोणीही असा, येऊ नका. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. त्यांना वाटत असेल मी सराव करते आहे, ते नेहमी — चपला बाहेर काढून —

बंदूक खांद्याला कधी लावली?

मागे टाळ्या. एकट्याच्या नाहीत आता. भरल्या सभेच्या. दार उघडतंय आणि थांबत नाहीत, कशासाठी वाजवताहेत, मी तर अजून काहीच केलं न—