पर्डींचा कबुलीजबाब

प्रिय थेल्मा मावशी,

मी जिवंत आहे आणि बरी आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पाकीट हातात आल्याआल्या तू माझं प्रेत कुठल्या कालव्यात सापडलं असेल याचा विचार सुरू करशील. जानेवारीत तुझ्या घरून निघाले ती थेट लिंकनशरला, डॅफोडिल तोडायला. तुला ठाऊक आहे का, ही फुलं मिटलेली असतानाच तोडायची असतात. उमललं की ते फूल बाद. आमचा मुकादम उमललेली फुलं बुटाखाली चिरडायचा आणि म्हणायचा, "हे दुकानात पोचेपर्यंत म्हातारं होईल." बोटांना देठांच्या चिकाने पुरळ आलं, म्हणून अक्षर असं आलंय, शाळेत बाई म्हणायच्या की माझं अक्षर तसंही आजारीच असतं. पण ते राहू दे. आम्ही ज्या कॅरव्हॅनमध्ये राहायचो तिथेही एका फळीवर तीच तुझ्या आवडीची पोलिसी पुस्तकं! पाणथळीत सापडलेलं प्रेत, घटस्फोटित इन्स्पेक्टर, त्याची हुशार सार्जंट, थंड झालेला चहा. मला तर वाटतं, आपल्या लोकांना शेजारी एखादं प्रेत असल्याशिवाय चहा गोडच लागत नाही.

ती फळी बघितली आणि तुझं गुरुवारचं वाचकमंडळ आठवलं. खरं तर ते विसरायलाच मी इतक्या लांब गेले होते. नाताळात तुझ्याकडे आले तेव्हा कोट उतरवायच्या आत तू मला सोफ्यावर बसवलंस, हातात नाताळातला गोड मिन्स पाय दिलास आणि म्हणालीस, "ब्रायनी, आधी हे ऐक." आणि पर्डींच्या चौकशीचं फोनवरचं ते रेकॉर्डिंग लावलंस. नंतर शेजारीण आली तेव्हा पुन्हा लावलंस. नाताळच्या जेवणानंतर, टीव्हीवरचं राजाचं भाषण संपल्यावर, पुन्हा. मी तोवर पर्डींना पाहिलंसुद्धा नव्हतं, पण त्यांचा खोकला मला पाठ झाला होता.

सगळी हकिगत तुझ्याच तोंडून ऐकलेली आहे, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. लायब्ररीतल्या नव्या पोलिसी कादंबऱ्यांची शेवटची पानं कोणीतरी फाडत होतं. खुनी कोण हे कळायच्या नेमकं आधी पुस्तक संपायचं. तू वेडीपिशी झालीस, आणि ते मी समजू शकते. मग तू आणि डग्लसने तपास हाती घेतला. तू चीफ इन्स्पेक्टर, आणि मंडळातला, जन्मभर बस चालवलेला डग्लस तुझा सार्जंट. फाटलेली पुस्तकं तू फ्रीझरच्या पारदर्शक पिशव्यांत भरलीस. आपल्या मार्सबी गावातले सगळे म्हातारे वाचक पुस्तकात आपापली खूण करतात, तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. तुझी तिसाव्या पानावरची बरोबरची खूण, डग्लसचं चाक, आणि पर्डींचा पान-आकड्याखालचा इवलासा मासा. फाटलेल्या प्रत्येक पुस्तकात मासा निघाला. तू टेबलावर थाप मारलीस म्हणे. पर्डी सकाळी लायब्ररी उघडताच येतात, संध्याकाळी घंटा झाल्यावर उठतात, रेडिएटरला लागून असलेल्या खुर्चीत बसून आलेलं प्रत्येक नवं पुस्तक सगळ्यांच्या आधी वाचतात. म्हणजे चोर तेच. न फाटलेल्या पुस्तकांत मासा आहे का, हे तुमच्यापैकी कोणी उघडून बघितलं नाही. प्रत्येकात आहे, मावशी. मी बघून आले. बागकामाच्या पुस्तकातसुद्धा आहे.

ते रेकॉर्डिंग मी तुझ्याइतकंच ऐकलंय. लायब्ररीमागची ती खोली, डग्लसचा तो खर्जातला आवाज, "टेप चालू आहे. हजर कोण कोण ते सांगा." तू अटकेच्या वेळची ती सूचना एका दमात म्हणून दाखवलीस, गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे वगैरे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पर्डी म्हणाले, "बाई, हा खेळ आहे ना?" डग्लस म्हणाला, "बाळा, तुझा वकील कुठाय? गोल्फ खेळायला गेलाय का?" सगळे हसले. मग नॉर्मन काकांना तू चहा घेऊन आत बोलावलंस, कारण पुस्तकात चौकशीच्या वेळी चहा येतो. त्या टेपवर काकांचं एकच वाक्य आहे, "साखर घालू ना, पर्डी?"

पुढचा भाग तुझा आवडता. तू विचारलंस की ते दिवसभर घरी का बसत नाहीत. पर्डी खोकले. तू पुन्हा विचारलंस, घरी काय अडचण आहे? ते म्हणाले, "मला काही सांगायचं नाही." झालं! पुस्तकातला गुन्हेगार नेमकं हेच म्हणतो, आणि तुम्ही सगळे एकदम "ओहोहो" करून ओरडलात. डग्लस म्हणाला, "घरी बायकोचं प्रेत आहे का रे फरशीखाली?" मग त्या माणसाने, ज्याची बायको खरोखरच मेलेली आहे, अगदी हळू सांगितलं की पैसे न भरल्याने गॅसचं मीटर बंद आहे, थंडीने घरात बोटं वळत नाहीत, पान उलटता येत नाही. यावर कोणीतरी म्हणालं, "म्हणून फाडतोस होय!" आणि तुझं हसू, मावशी, सगळ्यांत मोठं. मी ते कुठेही ओळखेन.

मग तू आवाज मऊ केलास. हे मात्र मानलं पाहिजे, तुला ते छान जमतं. लहानपणी मी मधाची बरणी फोडली तेव्हा माझ्याकडूनही तू असंच काढून घेतलं होतंस. "हे बघा पर्डी, सांगून टाका. आपल्यातच राहील. खुर्ची तुमचीच, तुम्हाला कोण उठवतंय?" आणि मग, "बरं. मीच." तू लगेच तारीख-वार बोलून टेप बंद केलीस, उठलीस आणि तडक लायब्ररीवाल्या हेदरकडे जाऊन ते तिला ऐकवलंस. तिलाही तक्रारींचा कंटाळा आला होता. उन्हाळ्यापर्यंत पर्डींना प्रवेश बंद. आणि तुम्ही सगळे गेलात मासे-चिप्स खायला. एवढं सगळं घडलं ते त्या उबेतल्या एका खुर्चीसाठी, आणि ती तुम्ही त्यांच्याकडून कबुलीजबाब घेऊन काढून घेतलीत. पुस्तकात कबुलीजबाब शेवटच्या पानांत येतो, म्हणून तुम्हाला वाटलं की कबुलीजबाब आला म्हणजे शेवट बरोबर आला.

आता मी मधेच दुसरीकडे जाते, मला क्षमा कर. फेब्रुवारीच्या शेवटी एका ट्रकवाल्याने मला मार्सबीच्या नाक्यावर सोडलं. तो सबंध वाट मला त्याच्या बोलक्या पोपटाविषयी सांगत होता. पोपट म्हणे फक्त त्याच्या आधीच्या बायकोच्या आवाजात बोलतो. मी बूट घ्यायला तुझ्याकडे आले. गुरुवार होता, तू मंडळात होतीस. बूट काचघरात ठेवले होते ना मी, तिकडे गेले. बियांच्या ट्रेखाली काहीतरी दिसलं. इस्त्री केल्यासारखी सपाट, दोऱ्याने बांधलेली पुस्तकांची पानं. वरच्या पानावर कोणीतरी कोणाला तरी बेड्या घालत होतं. मागे वळले तर काका झारी घेऊन उभे.

ते खोटं बोलले नाहीत. उपड्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "पहिल्या खेपेला खरंच चुकून झालं गं. बाइंडिंग सुटलं होतं, शेवटची पानं माझ्या हातून आंघोळीच्या टबात पडली. मी भीत भीत तिला सांगितलं. तर तिने माझ्याकडे वळून विचारलं, 'नॉर्मन, तुला काय वाटतं, कोणी मारलं असेल?' मी म्हटलं, पाद्रीबाईने. ती इतकी हसली! मग झोपेपर्यंत आम्ही बोलत होतो. तिने माझ्या हाताला हातसुद्धा लावला." मग म्हणाले, "पुस्तक पुरं झालं की ती दुसरं उघडते, ब्रायनी. शेवट नसला की माझ्याशी बोलते." मी विचारलं, आणि पर्डी? तर ते झारीच्या तोटीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं ते नाही म्हणतील. कोण कशाला हो म्हणेल?" मला त्यांची कीव आली नाही. तुलाही येऊ नये. ते त्या खोलीत चहा ओतत होते.

आणि चीफ इन्स्पेक्टर, तुला दिसलं कसं नाही? फाटलेल्या प्रत्येक पुस्तकात मासा होता, तशी तुझीही खूण होती. पर्डींनंतर पुस्तक जायचं एकाच घरी. तपास करणाऱ्याने स्वतःचं घर सोडून सगळा गाव धुंडाळला.

मी त्याच दिवशी पर्डींना शोधायला निघाले. ते बस स्थानकात होते, तिकीट-यंत्रामागे, जिथे इंजिनांची थोडी ऊब येते. अंगात जुनाट कोट. मी कोण ते सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बाईंची भाची! बसा, बसा," जणू तो त्यांचा दिवाणखानाच. मी काकांविषयी सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी हात वर केला. त्यांना ठाऊक होतं. त्या खोलीतच कळलं होतं त्यांना. "मी पुस्तक परत ठेवलं तेव्हा शेवट जागेवर होता. बाई फाडणार नाही, ती शेवटासाठी जीव टाकते. मग त्या घरात उरलं कोण? आणि साखर विचारताना त्याचा आवाज ऐकलात का?" मग मी जरा चिडूनच विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बोललो असतो तर त्याच क्षणी तिने माझ्या जागी त्याला बसवलं असतं. मला निदान उठून घरी जाता येत होतं. तो कुठे गेला असता? शिवाय तिने खुर्ची कबूल केली होती. म्हटलं, स्वस्तात सुटलो." एवढं बोलून त्यांना जो खोकला आला, तो टेपवरचा खोकला नव्हता. ओला होता, खोल होता. मी त्यांना हेदरकडे चला म्हटलं, सगळं सांगू म्हटलं. ते म्हणाले, "थंडी सरत आली. उन्हाळ्यात जाईनच ना." मी आणून दिलेलं दोन कप सूप प्यायले. माझ्या बुटांची तारीफ केली.

मी पुन्हा भटकायला जाणार होते, स्कॉटलंडला, एका होडीवर स्वयंपाकाचं काम होतं. गेले नाही. कारण पुढच्या खेपेला तिकीट-यंत्रामागे ते नव्हते. सफाईवाला म्हणाला, रुग्णवाहिका आली होती. इस्पितळात मी त्यांना पोलिसी कादंबरी वाचून दाखवायला नेली, तर म्हणाले, "ती नको, त्यात सगळे एकमेकांना प्रश्न विचारतात." मग मी त्यांना डॅफोडिलचं सांगितलं, पोपटाचं सांगितलं. पोपटाला ते हसले.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी ते गेले. फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी थंडी हा शब्द दोनदा वापरला. मूल नाही, भाऊ नाही, म्हणून अंत्यविधी नगरपालिका करते आहे. अशा एकट्या माणसांना सकाळची पहिली वेळ देतात, जी कोणी पैसे देऊन घेत नाही. गाणं नाही, फुलं नाहीत. येत्या गुरुवारी दहाला, टेकडीवरच्या स्मशानगृहात. तुझं मंडळ भरतं ती वेळ, मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. हे वाचत असशील तेव्हा काका समोरच असतील, पाकीट कोणाचं म्हणून बघत असतील. त्यांना बरोबर आण. नगरपालिकेच्या बाईंनी फोनवर विचारलं, कोण कोण येणार? मी माझं नाव दिलं, मग तुम्हा दोघांचं. त्यांनी माझं नातं विचारलं, मी म्हटलं, ओळखीची. काकांचं विचारलं, मी म्हटलं, त्यांनी एकदा चहा दिला होता. मग त्यांनी तुझं विचारलं, आणि मी सांगितलं, तपास अधिकारी. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. निदान पोलिसांतलं कोणी तरी येतंय."

तुझीच,
ब्रायनी