अफ्रेड आणि मागच्या दाराची कडी

१८ नोव्हेंबर १९७९, रविवार. कोराडी कॉलनी.
आजपासून रोजनिशी. इंटरव्ह्यू १२ डिसेंबरला, शहरात, सदर भागातल्या ऑफिसात. सीनियर क्लार्क झालो की नव्या लाइनीत क्वार्टर मिळेल. तिकडे हवा चांगली येते. बाकी काही कारण नाही. माझ्या आधी इथं राहणारे वामनराव याच खोलीत वारले आणि दोन दिवस कोणाला पत्ताच लागला नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही.
सुभद्रा बाळंतपणाला गेली ती अजून खापरखेड्याला, माहेरीच. पोरगा सहा महिन्यांचा झाला. मी बारशाला तेवढा जाऊन आलो. हे क्वार्टर मिळालं त्यानंतर. ती पडली भित्री. असल्या घरात पाय ठेवणार नाही. म्हणून आणायला गेलो नाही. नवं क्वार्टर मिळालं की थाटात आणीन.

१९ नोव्हेंबर.
ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा शालिकराम म्हणाला, त्या इंटरव्ह्यूवाल्या साहेबाले एक खोड हाये गा. एकच अ‍ॅडजेक्टिव्ह देतो अन् म्हणतो, लाव याले प्रीपोझिशन. मागच्या साली सगळ्यायले 'अफ्रेड' देल्लं. शालिकराम 'अफ्रेड फ्रॉम' बोलला आणि बाहेर आला. अरेरे!
ठरलं. सगळी इंग्रजी कोण करत बसतो? 'अफ्रेड' तेवढा पक्का करायचा.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ.
अफ्रेड ऑफ. मोठ्याने वाक्यं म्हटली. आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ डॉग्ज. आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ टायगर्स. आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ वामनराव. तिसरं खोडलं. विषयाला धरून नव्हतं.
तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. हळूच. मग कोणीतरी खोकलं. वामनरावांना दमा होता म्हणतात. पण वीजकेंद्राच्या राखेमुळे कॉलनीत सगळेच खोकतात.
दार उघडलं नाही. बाहेर थंडी होती.

२२ नोव्हेंबर.
सकाळी मागच्या पायरीवर जर्मनची ताटली. कुत्रं चाटत होतं. मेलेल्या माणसासाठी लोक घास ठेवतात, हे मला माहीत आहे. पण चौकशी केली नाही. अभ्यासात खंड नको.

२६ नोव्हेंबर.
कडी रोज वाजते. दिवेलागणीलाच. काल खालच्या फटीतून दोन पाय दिसले. उलटे होते की सुलटे, ते नीट पाहिलं नाही. डोळे अभ्यासाने थकले आहेत.
अभ्यासाला जागापालट चांगली. ऑफिस सुटलं की बस धरून सदरला जातो. दुकानांच्या उजेडात फिरत वाक्यं पाठ करतो. झोपायला शालिकरामकडे, गिट्टीखदानला. त्याची बायको म्हणाली, काहून जी भाऊजी, तुमच्या घरी कोणी नाही काय? मी म्हटलं, आहे ना. तोंडातून निघून गेलं.

२ डिसेंबर, रविवार.
खापरखेड्याला जाणार होतो. गेलो नाही. सासरे देवाजी स्वतःच बस स्टँडवर भेटले. म्हणाले, जावई, पोरीले न्याले कधी येता? ट्रंक भरून बसली हाये ते. मी समजावलं, आधी तिची भीती जाऊ द्या. ते म्हणाले, कायची भीती?
बापाला पोरी असल्या गोष्टी सांगत नाहीत.

५ डिसेंबर.
अफ्रेड फॉर. म्हणजे दुसऱ्याच्या काळजीने वाटणारी भीती. वाक्य सुचेना. किरकोळ प्रयोग दिसतो. सोडून दिला. त्याऐवजी अफ्रेड ऑफची उजळणी केली. जबरदस्त तयारी आहे.

११ डिसेंबर, संध्याकाळ.
घात झाला. शालिकराम साळ्याच्या लग्नाला गेला, घराला कुलूप. रस्त्यावर कोळशाचा ट्रक उलटला, आजच्या बसेस बंद. उद्या इंटरव्ह्यू आणि मी क्वार्टरमध्ये! हरकत नाही. एकांत बरा.
हे पलंगाखाली बसून लिहितो आहे. जमीन गार असते. डोकं शांत राहतं.
कडी वाजली. पुन्हा वाजली. आज थांबत नाही. हाक आली, रुपरावभाऊ! त्याला माझं नाव माहीत आहे. आई गं! दिवा विझवतो. श्वासाचा आवाज होता कामा नये.

१२ डिसेंबर, सकाळ.
रात्र इथंच. पहाटे पुन्हा कडी. आता पुढच्या दारावरही थापा. एकाचे अनेक झाले. पॅन्ट खुंटीवर आहे, खुंटी दाराजवळ आहे. दहाची बस पकडायला हवी. आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ
दार

१३ डिसेंबर.
कालचं लिहायलाच हवं. शिस्त म्हणजे शिस्त.
दार तोडलं. लाइनीतले सगळे आत. सर्वांत पुढे मागच्या क्वार्टरमधली म्हातारी बायजाबाई. तिनं वाकून पाहिलं आणि किंचाळली, जित्ता हाये गा! मग मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मी बनियन-चड्डीवर. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
कडी तीच वाजवत होती. म्हणाली, वामनराव दोन दिस पडून होते, मी भिंतीच्या अल्याडच होती, मले समजलं नाही. तवापासून जिवाले घोर लागला. तुम्हीबी एकटेच. म्हून रोज भाकर ठेवतो अन् कडी वाजवून पाहतो. दार नाही उघडलं तरी तुमचं पुटपुटणं आयकू ये. नाहीतर कुलूप दिसे. काल कुलूप नाही अन् आवाजबी नाही.
भाकरी माझ्यासाठी होती. मी कुत्र्याला चारली. मला फार लाज वाटली. म्हणजे, थोडी.
हे सगळं होईपर्यंत दहाची बस गेली. इंटरव्ह्यूही गेला. पुढच्या वर्षी बघू. अफ्रेड तोवर आणखी पक्का होईल.
पण कोणीतरी घाईघाईने खापरखेड्याला निरोप धाडला होता, रुपराव दार उघडत नाहीत म्हणून. दुपारी सुभद्रा आली. तिकडून त्या वेळेला बस नव्हती तर कोळशाच्या ट्रकमध्ये बसून आली. तोंड काळं, पोरगा काळा, ट्रंक काळी. मी अंगणात केस विंचरत होतो. माझ्याकडे बघत उभीच राहिली. मग जी सुरू झाली! सगळ्या लाइनीसमोर. मधेच रडे, पुन्हा सुरू. मी कंगवा खिशात ठेवला.

१४ डिसेंबर, संध्याकाळ.
सुभद्रानं सकाळीच मागचं दार सताड उघडं टाकलं. खोली धुतली. बायजाबाईला बोलावून चहा पाजला.
मी म्हटलं, तुला इथं भीती वाटेल. ती म्हणाली, भूत भूत तुम्हीच करून राहिले होते. मले कायचं भेव जी? दिवाळीपासून वाट पाहून राहिली होती, का तुम्ही न्याले येसान. माय रोज विचारे, जावई काहून येत नाही. काय सांगू तिले?
मग बराच वेळ कणीक मळत राहिली. म्हणाली, ट्रकमधी मात्र लय भेव लागलं. वाटलं, आता आपलं कुंकू पुसावं लागते.
मी म्हटलं, मी अभ्यासात होतो. ती म्हणाली, पलंगाखाली?
तिचे हात कणकेचे, म्हणून पोराला तिनं माझ्या मांडीवर द्यायला लावलं, बायजाबाईकडून. मी म्हटलं, ये रे, बाबा आहे मी. त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं. ओठ बाहेर काढला, अंग आखडलं आणि असा टाहो फोडला की शेजारचे बाहेर आले. बायजाबाईनं घेतलं तेव्हा गप्प झाला. तिच्या खांद्यावरून मला बघत राहिला. मी जरा हललो की पुन्हा रडे. म्हणून हललो नाही.