डोंगा रिकामा सोडू नये

पोंभुर्णा, ९ जानेवारी १९५६

आधी गाऱ्हाणं आयक, आशीर्वाद मंग. विमान उडालं नाई तुझं, अन् राग काढला माझ्या वांग्याच्या भाजीवर. वाढलेलं ताट सोडून, इंजिन बैलबंडीत टाकून टेशनावर, अन् तिथून वडशाले निघून गेला.

चि. मनसाराम, गुणाआजीचा आशीर्वाद. तू घरीच बनवलेलं विमान पाहाले सारं गाव वावरात आलं होतं. शेजारच्या डोमाभाऊनं नव्या डोंग्यासारखी त्याची पूजा केली. आपण मासे धरणारे ढिवर, आपला नवा डोंगा पाण्यात रिकामा जात नाई, म्हणून घरोघरचं धान विमानात टाकलं. कोणी मूठ, कोणी पायली. तुझं मुंडकं इंजिनात, तुले काय दिसते. मंग विमान शेपूट घासत पळालं आन् मोहाच्या झाडापासून हातभर अंतरावर थांबलं. तुझी बायको कुंता रेल्वेत तरी बोलली का रे?

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी

वडसा, १५ जानेवारी १९५६

ती. आजीस मनसारामचा शि. सा. न. वि. वि. भाजीची माफी असावी. इंजिन माझ्या कामाच्या धान मिलमध्ये खोललं, झडपा घासल्या, ताकद वाढली. शिवणीच्या लाकडाचा नवा पंखा कोरला. तो हवा जास्त ओढते. तरी धाकधूक आहे. त्या दिवशी विमान वेग धरतच नव्हतं, जसं कोणी मागून धरून ठेवलं होतं.

कुंता बोलली, पण एकच गोष्ट. अजून एकदा करून पाहा, नाई उडालं तर इंजिन मिलच्या पंपाले देऊन टाका. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी हो म्हटलं. म्हणून विनंती, वावराच्या टोकाचा मोह तोडून ठेव. महिनाअखेरच्या रविवारी एकटाच येतो, कुंताले ते पाहवत नाई.

लोभ आहेच, तो भाजीसकट राहू दे.

मनसाराम

पोंभुर्णा, १ फेब्रुवारी १९५६

चि. मनसाराम आणि सौ. कुंता यांस आशीर्वाद. मोह मी तोडला नाई, हे तू वरूनच पाहिलं. दुष्काळात त्या झाडानं तुझ्या बापाले पोसलं. त्याच्यावरून जायचं तर उंच जा.

गावात तुझ्या पंख्याचं कौतुक होऊन राह्यलं. होऊ दे, पंखा चांगलाच आहे. पण तू यायच्या आदल्या दिवशी मले वावरात उभ्या विमानाच्या शेपटाचं कापड कुरतडलेलं दिसलं. उंदीर. हात घातला, तर आत पोतंभर धान. एकानं मूठ टाकली की दुसऱ्याले पायली टाकाच लागते. साऱ्यांनी मागच्या भोकातून आत ढकललं होतं. तुले मागून धरणारे आम्हीच. धान काढलं, कापड शिवलं आन् तोंड बंद ठेवलं. सांगतलं असतं तर तू डोमाभाऊवर धावला असता, त्यानं बिचाऱ्यानं तुझ्या भल्यासाठीच केलं होतं.

देवाचे उपकार, आन् त्या उंदराचेही. त्याच्यासाठी मूठभर धान कोपऱ्यात ठेवलं. बाकीच्याचा भात केला, तोच तू साऱ्या गावासंगं खाल्ला, ह्यावेळी ताट न सोडता. विमान मोहावरून गेलं तेव्हा डोमाभाऊ रडला. मी नाई रडली, मले उन्हाचं दिसत नव्हतं.

डोंगा रिकामा सोडू नये, हे खरंच आहे. पण भार शेपटात नाई, मधात पाहिजे. विमानात तुझ्या बाजूची जागा अजून रिकामी आहे. जीव लावत राहा दोघंही. होळीले त्या जागेवर कोण बसते, ते कुंतानंच लिहावं. मनसाराम, तू कागदाले हात लावू नको.