सोळातले आठ

१५ ऑक्टोबर १९९६

आठच! कॉम्प्युटरमध्ये मेमरीच्या खाचा चार, पट्ट्या चार, प्रत्येक पट्टी चार एमबीची. सोळा यायला हवेत. पडद्यावरचे आकडे आठपर्यंत पळतात आणि थांबतात. लेकीने, सुनेत्राने, तीनदा बंद-चालू करून पाहिलं.

नव्या दोन पट्ट्या दुपारीच कॅम्प दोनच्या बाजारातून, गोपीचंदच्या दुकानातून आणल्या. आल्यावर बायकोने, कुमुदिनीने, नेहमीप्रमाणे घटापुढे ठेवल्या, मग आम्हाला दिल्या. या घरात मिक्सरसुद्धा देवाला भेटल्याशिवाय फिरलेला नाही.

आठवर मजकूर लागतो. फोटो असलेलं पान उघडलं की मशीन गोठतं. दिवाळी अंकात फोटोच फोटो!

१६ ऑक्टोबर

सुनेत्राची पद्धत चांगली — एका वेळी एकच बदल. जुन्या पट्ट्या दुसऱ्या दोन खाचांमध्ये घातल्या: आठ. म्हणजे खाचा ठीक. मग नुसत्या नव्या घातल्या: पडदा काळा आणि शिट्ट्या. दोष पट्ट्यांतच. मला शंका नव्हतीच.

संध्याकाळी श्रीपाद आला. आमच्या साप्ताहिकात अर्धा वाटा त्याचा, मशीनवर राग पूर्ण. म्हणाला, २५ तारखेच्या शुक्रवारी अंक बांधून हातात नसेल तर पुढचे सगळे अंक कंपोझिंगसकट ठाण्याच्या प्रेसला, आणि हा डबा विकायचा. सुनेत्रा चहा घेऊन दारात उभी होती. शिकवण्या सोडून सहा महिने ती कंपोझिंग शिकली आहे. मी श्रीपादला म्हटलं, तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, अंक एकदाही उशिरा गेला नाही.

१७ ऑक्टोबर

गोपीचंदच्या दुकानात. त्याने पट्ट्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या, रुमालाने पुसल्या, स्वतःच्या मशीनमध्ये घातल्या — सोळा! "दिनानाथसाहेब, माल पक्का आहे. घरी काय करता याच्याबरोबर?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, नाइलाजाने.

घरी आलो. पट्ट्या घटापुढे जाऊन आल्या, मशीनमध्ये बसल्या. आठ!

आता उघड आहे. तपासल्या दुसऱ्या, हातात ठेवल्या ह्या.

१८ ऑक्टोबर

चौकट लिहिली. 'बाजारात डोळे उघडे ठेवा.' दुकानाचं नाव घालून. वीस मिनिटांत झाली, हात अजून चालतो! पान पाचवर बसली. ते नुसत्या मजकुराचं पान, त्याला आठ पुरतात. सुनेत्राने पान लावलं, मग म्हणाली, "बाबा, त्यांना एकदा परत विचारू या का?" म्हटलं, बातमी पिकली की तोडायची, झाडाला विचारत बसायचं नाही.

मजकुराच्या आठ पानांचा पहिला फर्मा अंबरनाथला प्रेसमध्ये पाठवला. थांबायचं कशाला? तेवढं तरी पुढे सरकेल.

१९ ऑक्टोबर

घटाची माळ. पाहुणे. मशीन झाकलेलं.

२० ऑक्टोबर

गोपीचंद स्वतः बदलापूरला आमच्या घरी आला. मी बोलावलं नव्हतं. सुनेत्राने फोन केला होता, हे नंतर कळलं. खिशात पट्ट्यांची आणखी एक जोडी. "साईं, ह्या घ्या. जुन्या परत द्या, बात खतम." मी हात पुढे केला नाही.

कुमुदिनीने त्या त्याच्या हातातूनच घेतल्या आणि देवापुढे गेली. आम्ही सगळे बघत होतो. आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं — पट्टीच्या खालच्या सोनेरी दातांवर, एकेक करून, मन लावून. हळदीकुंकू भिजवलेलं, तेलात!

गोपीचंदने हात जोडले. "भाभीजी, टिळा माथ्याला लावा. दातांना नको."

कुमुदिनी म्हणाली, सोन्यासारखा भाग तोच दिसला, तोच देवाचा वाटला.

त्याने सुनेत्राकडून खोडरबर मागितला आणि आधीच्या पट्ट्यांचे दात घासले. लाल-पिवळा चुरा पडला. बसवल्या. आकडे आठ ओलांडून पुढे गेले, कुमुदिनीच मोठ्याने वाचत होती. सोळा! सुनेत्राने मुखपृष्ठाचा फोटो उघडला, आणि तो उघडला.

मी विचारलं, दुकानात रुमाल लाल झाला असेल, तेव्हाच का नाही बोललास? म्हणाला, "पूजेची चीज. लोकांसमोर काय बोलणार? वाटलं, तुम्ही बघितलं."

दोन पेढे खाल्ले. जाताना म्हणाला, अंक निघाला की एक मला, दुकानात दर्शनी ठेवतो.

सुनेत्राने माझ्याकडे पाहिलं. मी प्रेसला फोन केला. चौकटीसकट फर्मा काल छापून झाला होता.

२१ ऑक्टोबर

फर्मा रद्दीत घालायला सांगितला. नवा छापायला प्रेसला पुढच्या सोमवारशिवाय सवड नाही, म्हणजे शुक्रवार गेला. श्रीपादला सांगायला मी फोनजवळ नुसताच बसून होतो. नंबर सुनेत्राने फिरवला, रिसीव्हर माझ्या हातात दिला, आणि ती मशीनवर झाकण घालायला गेली.